अर्ल स्क्रग्ज : तीन बोटांचा बँजो आणि सहा दशकांची कारकीर्द

रानवारा

ब्लूग्रास हे डोंगराळ अमेरिकेत शेकडो वर्षं चालत आलेलं लोकसंगीत असावं, असा आपल्याकडे समज असतो. त्याची मुळं जुनी आहेत हे खरं. पण आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात ते दुसऱ्या महायुद्धानंतर, रेडिओच्या काळात, मोजक्या चार-पाच जणांनी घडवलं. नाव मिळालं ते बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या ताफ्यावरून. मात्र डोळे मिटून दोन सेकंद ऐकलं तरी 'हे ब्लूग्रास' असं ज्यावरून कळतं, तो आवाज अर्ल स्क्रग्ज या बँजोवादकाच्या उजव्या हाताचा आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि वेगापलीकडे त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही याची मला मनापासून खंत वाटते.

मी शार्लटजवळ राहते. त्याचं गाव इथून तासाभरावर. ६ जानेवारी १९२४ला क्लीव्हलंड काउंटीतल्या फ्लिंट हिल या वस्तीत त्याचा जन्म झाला. नॉर्थ कॅरोलायनातला हा कापसाचा मुलूख. वडील जॉर्ज शेती सांभाळून हिशेब लिहायचे आणि बँजो वाजवायचे. अर्ल चार वर्षांचा असताना ते गेले. आई लूला पायपेटी वाजवायची, थोरला भाऊ ज्युनी बँजो, हॉरेस गिटार, बहिणीही वाजवणाऱ्या. दिवसभर शेतावर राबायचं आणि संध्याकाळी वाद्यं काढायची, असं घर.

तीन बोटांनी बँजो वाजवायची रीत त्याने शून्यातून काढलेली नाही. त्या भागात स्मिथ हॅमेट, स्नफी जेन्किन्स असे वाजवणारे होते. मॅक वुलब्राइट नावाच्या अंध वादकाला त्याने लहानपणी काकांच्या घरी ऐकलं होतं आणि ते त्याच्या मनात घर करून राहिलं. दहाएक वर्षांचा असताना हॉरेसशी भांडण झालं, तेव्हा तो बँजो घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. तंद्रीत एक जुनी चाल वाजवत होता आणि अचानक लक्षात आलं की आपली तीन बोटं चालताहेत. मग 'मला जमलं, मला जमलं' करत तो बाहेर धावला. ही हकीकत त्याने स्वतः अनेकदा सांगितलेली आहे.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो दोघा भावांचा एक सराव. दोघं घरामागे उभे राहून एकच चाल एकदम सुरू करायचे आणि घराला विरुद्ध दिशांनी चक्कर मारायचे. मध्ये एकमेकांचं वाजवणं ऐकूच यायचं नाही. पुन्हा समोरासमोर आले की दोघं त्याच जागेवर, त्याच लयीत आहेत का ते बघायचं. स्क्रग्जची लय पुढे साठ वर्षं हलली नाही, ती इथे पक्की झाली.

पंधराव्या वर्षी मॉरिस ब्रदर्सबरोबर थोडे दिवस रेडिओवर वाजवून झालं. मग युद्ध आलं आणि तो शेल्बीच्या लिली मिल या सूतगिरणीत कामाला लागला, तासाला ४० सेंट मजुरीवर. युद्ध संपल्यावर गिरणी सोडली, लॉस्ट जॉन मिलरच्या ताफ्यात गेला, तो ताफाही बंद पडला. डिसेंबर १९४५मध्ये नॅशव्हिलला बिल मन्रोने त्याला ऐकलं. मन्रोकडे गिटार वाजवणारा आणि गाणारा लेस्टर फ्लॅट होता. फ्लॅटला ताफ्यात बँजो नकोच होता, कारण आधीच्या बँजोने गाणं मागे ओढल्यासारखं व्हायचं. स्क्रग्जचं वाजवणं ऐकून तोच मन्रोला म्हणाला की काय लागतील ते पैसे द्या, पण याला घ्या.

मन्रोचं मँडोलिन, फ्लॅटची गिटार, स्क्रग्जचा बँजो, चबी वाइजचं फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि हॉवर्ड वॉट्सचा बास. या पाच जणांनी १९४६ आणि १९४७मध्ये शिकागोला कोलंबिया या तबकडी कंपनीसाठी जी ध्वनिमुद्रणं केली, त्यांतून ब्लूग्रासची घडी बसली. दर शनिवारी रात्री नॅशव्हिलच्या रायमन सभागृहातून 'ग्रँड ओल ऑप्री' हा संगीताचा कार्यक्रम रेडिओवर जायचा. स्क्रग्जचा एकल तुकडा आला की लोक आरडाओरडा करायचे. आठवडाभर मोटारीत दाटीवाटीने बसून गावोगाव कार्यक्रम आणि शनिवारी काहीही करून नॅशव्हिलला परत. या दगदगीला कंटाळून १९४८च्या सुरुवातीला स्क्रग्ज बाहेर पडला. पाठोपाठ फ्लॅटही निघाला आणि दोघांनी 'फॉगी माउंटन बॉईज' काढला. मन्रोने हे फार मनाला लावून घेतलं. कित्येक वर्षं त्याने दोघांशी बोलणं टाकलं होतं.

पुढची वीस वर्षं मोठी आहेत, ती सावकाश लिहीन. आधी तुम्ही काय ऐकलंय ते सांगा.

नाशिकचा_मधू

छान लिहिलंय ताई. दोन शंका. आमच्याकडे मिरवणुकीत जी बेंजो पार्टी असते, तेच वाद्य का हे? आणि मी यूट्यूबवर दोन-चार ब्लूग्रासचे तुकडे ऐकले, सगळे सारखेच वाटले. नुसता वेग. तुम्ही म्हणता वेगापलीकडे, म्हणजे नेमकं कुठे कान द्यायचा?

पाचवी_तार

मधूभाऊ, मी तीन-चार वर्षं बँजो शिकतोय, पुण्यात. मिरवणुकीतला आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, बटणांचा. अमेरिकन बँजो वेगळा. गोल कड्यावर ताणलेलं कातडं (आता बहुतेक प्लॅस्टिकचं), त्यावर घोडी, लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड असते. तिची खुंटी टोकाला नसून दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी असते. ती सगळ्यात उंच सुराची आणि अंगठ्याजवळची, त्यामुळे षड्ज सतत वाजता ठेवता येतो.

आता स्क्रग्जचं. अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, तर्जनी आणि मधल्या बोटात धातूच्या. अनामिका आणि करंगळी कातड्यावर टेकलेली, ती हलतच नाहीत. त्याचे जुने टीव्हीवरचे कार्यक्रम बघा, हात इतका स्थिर की आवाज दुसरीकडूनच येतोय असं वाटावं. बोटं ठरलेल्या क्रमाने फिरतात, त्याला 'रोल' म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधलं, पुन्हा अंगठा, तर्जनी, मधलं. एका आवर्तनात आठ ठोके आणि बोटं तीन, म्हणून ३-३-२ अशी विभागणी होते. जोर सरकत राहतो आणि सम बरोबर गाठली जाते.

हे कुणालाही महिनाभरात जमतं. अवघड पुढे आहे. त्या आठ ठोक्यांतले दोन किंवा तीनच ठोके चालीचे असतात, बाकीचे भरणा. चालीचा स्वर ज्या क्षणी यायला हवा त्या क्षणी जे बोट पाळीवर असेल त्याच्याखाली तीच तार असायला हवी, आणि तो स्वर बाकीच्यांपेक्षा किंचित ठळक वाजायला हवा. स्क्रग्ज वाजवतो तेव्हा शब्द माहीत असलेलं गाणं शब्दासकट ऐकू येतं. नवख्यांचं वाजवणं सारखंच वाटतं ते याचमुळे, तिथे भरणा आणि चाल एकाच मापाचे असतात. माझंही अजून तसंच होतं.

परळकर_१९६१

माझे वडील आणि दोन्ही काका गिरणीत होते, म्हणून लिली मिलपाशी थांबलो. त्याच्या संगीतात गिरणी कुठे येते का? की नुसताच पोटापाण्याचा टप्पा?

रानवारा

परळकर काका, त्याची गिरणीवरची गाणी वगैरे नाहीत, तो मुळात गाणारा नव्हता. पण हा सगळा पट्टाच सूतगिरण्यांचा होता, शेल्बी, गॅस्टोनिया, शार्लट. शेतावरची माणसं पगारासाठी गिरणीत आली, शार्लटच्या रेडिओ केंद्रावरून त्यांच्यासाठी कार्यक्रम व्हायचे, ध्वनिमुद्रणं व्हायची. तीन बोटांचा बँजो याच भागात वाढला. डोंगरातल्या एकाकी झोपडीचं चित्र ब्लूग्रासला चिकटवतात, ते स्क्रग्जला लागू पडत नाही. तो सपाटीवरच्या कापूसपट्ट्यातला माणूस होता आणि त्याचे पहिले श्रोते पाळी संपवून आलेले कामगार होते. कारकीर्दीत तो पैशाबाबत आणि कामाच्या वेळेबाबत इतका काटेकोर राहिला त्यामागे गिरणीचे दिवस असावेत, असं मला वाटतं.

यावरून लुईजबद्दल लिहायलाच हवं. लुईज सर्टन, त्याची बायको. ऑप्रीत ओळख झाली, एप्रिल १९४८मध्ये लग्न. ती हिशेबनीस होती. पन्नाशीच्या दशकात ताफ्याचे कार्यक्रम ठरवणं, करार, जाहिरात हे सगळं तिने हातात घेतलं. नॅशव्हिलच्या त्या धंद्यात तेव्हा बाई नावालाही नव्हती. लोकसंगीताची लाट येतेय हे तिने आधी ओळखलं. १९५९मध्ये न्यूपोर्टच्या पहिल्या लोकसंगीत महोत्सवात स्क्रग्ज वाजवून आला. ८ डिसेंबर १९६२ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये फ्लॅट आणि स्क्रग्जचा कार्यक्रम झाला. विद्यापीठांतली मुलं त्यांना ऐकायला लागली ती लुईजमुळे.

'बेव्हर्ली हिलबिलीज' या टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीतासाठी ताफ्याला विचारणा झाली तेव्हा लुईजने आधी नकार दिला. आपल्या लोकांची खेडवळ म्हणून टिंगल होईल अशी तिला शंका होती. पहिला भाग दाखवल्यावरच ती तयार झाली. ते शीर्षकगीत १९६३मध्ये कंट्री संगीताच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्लूग्रासच्या बाबतीत हे त्याआधी कधीच झालं नव्हतं.

मध्ये एक वाईट प्रसंग येऊन गेला. ऑक्टोबर १९५५मध्ये आजारी आईला भेटायला जाताना मोटारीला अपघात झाला, अर्लचं कंबरेचं हाड मोडलं आणि दोन्ही खुबे निखळले. कित्येक महिने तो रंगमंचापासून दूर होता. ते दुखणं जन्मभर पुरलं.

नाशिकचा_मधू

पाचवी_तार, तुम्ही सांगितल्यावर परत ऐकलं. आता चाल वेगळी ऐकू येतेय! धन्यवाद.

जुना_श्रोता

धागा उत्तम चाललाय, पण लेस्टर फ्लॅटवर अन्याय होतोय असं वाटतं. एकवीस वर्षं जो माणूस समोर उभा राहून गायला, निवेदन केलं, मार्था व्हाइट पिठाच्या जाहिराती म्हटल्या, त्याच्या आवाजावर हा ताफा उभा होता. १९५३पासून ती पीठ कंपनी त्यांची प्रायोजक. मन्रोच्या विरोधामुळे ऑप्रीत यांना घेत नव्हते, तेव्हा कंपनीने जाहिराती काढून घेण्याची धमकी दिली आणि १९५५मध्ये दार उघडलं. त्या कंपनीचा जीव फ्लॅटच्या साध्या, ओळखीच्या बोलण्यावर होता. १९६९ला जोडी फुटली त्यात मी फ्लॅटच्या बाजूचा आहे. त्याला बॉब डिलनची गाणी गायला लावली, ती त्याच्या तोंडी बसत नव्हती, आणि तसं त्याने बोलूनही दाखवलं. त्याने 'नॅशव्हिल ग्रास' काढून जुनं संगीत जपलं. मार्टी स्टुअर्टसारखा पोरवयातला मुलगा त्याच्याकडे तयार झाला. हेही योगदानच ना?

रानवारा

जुना_श्रोता, फ्लॅटबद्दल एकूण एक मान्य. त्याच्या गळ्यातली ती आरामशीर लय नसती तर स्क्रग्जचा वेग अंगावर आला असता. दोघं एकमेकांना तोलून धरायचे.

पण फुटण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. १९६७मध्ये 'बॉनी अँड क्लाइड' सिनेमात त्यांची 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही बँजोची रचना वापरली, तीही मर्क्युरी कंपनीची १९४९ची मूळ तबकडी जशीच्या तशी. त्यावर १९६९मध्ये ग्रॅमी मिळालं. म्हणजे जोडी कीर्तीच्या शिखरावर असताना स्क्रग्जने ती सोडली. पंचेचाळीस वर्षांचा होता. तेच पंधरा-वीस तुकडे आणखी वीस वर्षं वाजवून सुखात राहता आलं असतं. तो मात्र घरी गॅरी आणि रँडी या मुलांबरोबर वाजवायला लागला होता, आणि त्याला स्वतःच्या वाजवण्यात पुन्हा काहीतरी नवं सापडत होतं. 'अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू' त्यातून उभा राहिला. विजेवरची गिटार, ड्रम्स, बरोबर बँजो. ब्लूग्रासच्या जुन्या चाहत्यांना हे आवडलं नाही. मलाही त्यातलं सगळं आवडत नाही, काही ध्वनिमुद्रिकांत बँजो मागे पडतो. तरी त्या वयात, त्या ठिकाणी पोचल्यावर मुलांच्या पिढीकडे शिकाऊ कानाने बघणारे कलावंत किती असतात?

१५ नोव्हेंबर १९६९ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनला प्रचंड मोर्चा झाला. स्क्रग्ज मुलांना घेऊन तिथे वाजवायला गेला. नॅशव्हिलच्या कंट्री संगीतातून असं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. आपली पोरं परत यावीत असं त्याला वाटत होतं आणि ते त्याने नेहमीच्या मोजक्या शब्दांत सांगितलं. तो मुळात अबोल, सौम्य माणूस. असा माणूस धंद्याची पर्वा न करता उभा राहतो तेव्हा त्याला किंमत असते.

आणि १९७२चा 'विल द सर्कल बी अनब्रोकन' हा तीन तबकड्यांचा संच. कॅलिफोर्नियाच्या 'निटी ग्रिटी डर्ट बँड' या लांब केसांच्या तरुणांना नॅशव्हिलच्या ज्येष्ठांबरोबर वाजवायचं होतं. स्क्रग्जने शब्द टाकला म्हणून जुन्या 'कार्टर फॅमिली'तल्या मेबेल कार्टरसारखी माणसं तयार झाली. डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस या नामवंत गिटारवादकांची पहिली भेट त्याच ध्वनिमुद्रणाच्या वेळी झाली. मन्रोने नकार दिला. फ्लॅट १९७९मध्ये वारला, त्याआधी स्क्रग्ज त्याला इस्पितळात जाऊन भेटला होता.

केतकी_डरहॅम

रानवारा, मी तुमच्याच राज्यात. एक गोष्ट धाग्यात यायलाच हवी. बँजो मूळचा आफ्रिकेचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून केलेली वाद्यं हे त्याचं आधीचं रूप. सेनेगाम्बियात आजही वाजतं ते अकोंटिंग, त्यातही एक आखूड तार असते. स्क्रग्जच्या हातात जे आलं त्यामागे ही दोनेकशे वर्षं आहेत, आणि ब्लूग्रासच्या रंगमंचावर पुढे काळी माणसं जवळजवळ दिसेनाशी झाली. २००५मध्ये याच राज्यात बून गावी काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे जमलेल्या तरुणांतून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा ताफा उभा राहिला. मेबेन गावचे जो थॉम्पसन हे ज्येष्ठ कृष्णवर्णीय फिडलवादक, त्यांच्या घरी जाऊन ही मंडळी शिकली. गायिका आणि बँजोवादक रिअॅनन गिडन्स त्यांच्यातलीच.

रानवारा

केतकी, अगदी बरोबर, आणि हे इथे आलं ते फार चांगलं झालं. मन्रोने स्वतःवर अर्नोल्ड शुल्ट्झ या केंटकीतल्या कृष्णवर्णीय गिटारवादकाचा प्रभाव असल्याचं सांगून ठेवलंय. म्हणजे ब्लूग्रासच्या दोन्ही खांबांखाली तीच जमीन आहे.

पाचवी_तार

वाद्याचा विषय निघालाय तर थोडं स्क्रग्जच्या स्वतःच्या बँजोबद्दल. गिब्सन ग्रनाडा, तिसाच्या दशकातला. आधी स्नफी जेन्किन्सकडे होता, त्याच्याकडून डॉन रिनोकडे गेला आणि रिनोशी अदलाबदल करून स्क्रग्जकडे आला. (रिनो म्हणजे मन्रोकडे स्क्रग्जच्या जागी आलेला वादक, तोही थोर.) वाजवता वाजवता तार सैल करून स्वर खाली ओढायचा आणि परत जागेवर आणायचा ही कल्पना स्क्रग्जची. आधी तो खुंटी हाताने पिळायचा, सगळी मदार कानावर. मग त्याने बँजोच्या माथ्याला भोकं पाडून जादा खुंट्या बसवल्या, वळवलं की तार ठरलेल्या स्वरावरच थांबेल अशा. आपल्या कानाला ती मींडच वाटते. पुढे बिल कीथ या बँजोवादकाने त्यात सुधारणा केली आणि आता त्या दुकानात विकत मिळतात.

'फॉगी माउंटन ब्रेकडाउन'च्या १९४९च्या तबकडीत एक मजेची जागा आहे. बँजो ई मायनर ही स्वरसंगती वाजवतो (म्हणजे कोमल गंधाराची) आणि त्याच वेळी फ्लॅटची गिटार ई मेजर (शुद्ध गंधाराची). पुस्तकाप्रमाणे ही टक्कर आहे. हेडफोन लावून ऐका, त्या टकरीनेच ती जागा अंगावर येते.

आणि आपल्या बाजूचा धागा म्हणजे अमेरिकन बँजोवादक बेला फ्लेक. लहानपणी टीव्हीवर 'बेव्हर्ली हिलबिलीज'चं शीर्षकगीत ऐकून तो बँजोकडे ओढला गेला. म्हणजे लुईजने होकार दिला त्याचं हे फळ! त्याच फ्लेकने झाकीर हुसेन, बासवादक एडगर मायर आणि बासरीवाले राकेश चौरसिया यांच्याबरोबर २०२३मध्ये 'अॅज वी स्पीक' केलं. २०२४मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निरोप घेतला.

परळकर_१९६१

झाकीरभाईंचा तबला आणि बँजो एकत्र ऐकलाय, नाव लक्षात नव्हतं. रोल म्हणजे काय ते कळल्यावर तबल्याशी तो का जुळतो हे आता समजलं. स्क्रग्जचं उतारवय कसं गेलं?

रानवारा

काका, चढउताराचं. १९९२मध्ये धाकटा मुलगा स्टीव्ह गेला. त्या काळात स्क्रग्जने लोकांसमोर वाजवणं जवळजवळ थांबवलं होतं. १९९६मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि लगेच हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठून तो पुन्हा वाजवायला लागला. २००१मध्ये 'अर्ल स्क्रग्ज अँड फ्रेंड्स' आलं आणि त्यातल्या 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन'ला २००२मध्ये ग्रॅमी मिळालं, म्हणजे एकाच रचनेला तेहतीस वर्षांनी दुसऱ्यांदा. २००६मध्ये लुईज गेली. तो २८ मार्च २०१२ला नॅशव्हिलला गेला, वय ८८. अंत्यविधी रायमनमध्येच झाला. शेल्बीच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत २०१४पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. शार्लटकडे कुणी आलं तर जरूर जा. संगीताइतकंच तिथलं गिरणी आणि शेतीचं दालन बघा, परळकर काकांना तर नक्की आवडेल.

नाशिकचा_मधू

शेवटचा प्रश्न. क्रमाने ऐकायचं तर काय ऐकू?

रानवारा

१९४६-४७ची मन्रोबरोबरची ध्वनिमुद्रणं आधी, कारण त्यात बँजो नवा असल्याची बाकीच्यांना लागलेली चाहूल ऐकू येते. मग १९४९ची ती तबकडी, पाचवी_तारने सांगितलेल्या जागेसाठी. मग कार्नेगी हॉलचा कार्यक्रम पूर्ण, तुकड्यातुकड्यांनी नको. फ्लॅटचं निवेदन, टाळ्या, श्रोत्यांची फर्माइश सगळ्यासकट. त्यानंतर 'सर्कल'. २००१चं सगळ्यात शेवटी ठेवा. तिथे तो सत्याहत्तर वर्षांचा आहे, भोवती त्याचं ऐकून मोठे झालेले वादक आहेत. सगळे आपापला तुकडा वाजवून जातात आणि त्याचा आला की चाल पुन्हा स्वच्छ ऐकू येते.